उस्तादाचं माप

नारिन या डोंगराळ शहरात घोड्यांच्या शर्यतीच्या अंतरावरून वाद पेटला की लोक एसेनबेक उस्तादांना बोलावणं धाडत. उस्ताद यायचे, आपलं लांब दांड्याचं मोजचाक रस्त्यावरून फिरवायचे, आणि ते जो आकडा सांगायचे तो हरलेल्यालाही मान्य असायचा. उभी हयात त्यांनी सैन्यात कसरतीचे शिक्षक म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर शहरातली भरतीची तयारी करणारी पोरं त्यांच्याकडे येऊ लागली. नदीकाठच्या रस्त्यावर ते पोरांना तोंडाला येईल ते बोलायचे, जोर काढताना कुणाची कंबर वाकली तर बुटाचं टोक लावायचे; पण पळण्याच्या रेघा मात्र स्वतः मोजून, स्वतः रंगवून घ्यायचे. दुसऱ्याच्या हातात चाक देत नसत.

बेगायिम ही त्यांची धाकटी. थोरला भाऊ मॉस्कोत बांधकामावर होता, आईला जाऊन काही वर्षं झाली होती. घरात बापलेक दोघंच. बेगायिम दिवसभर बाजारातल्या एका दुकानात पडदे शिवायची, संध्याकाळी घरी येऊन रांधायची. एके दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं की सरहद्दीच्या दलात वायरलेसवर बायका घेणार आहेत, उन्हाळ्याच्या तोंडाला परीक्षा आहे, आणि आपल्याला जायचंय.

त्या दिवशी सोनुन आत्या घरी होती. तिचा चहाचा पियाला ओठापाशीच थांबला.

"डोंगरात जाऊन बसणार? मग तुझी सोयरीक काय याकशी जुळवू?"

"याक निदान दारू तरी पीत नाहीत, आत्या."

आत्याला हसू आलं, पण भावाकडे बघून तिने ते गिळलं. उस्ताद ताटातला नान तोडत होते. बेगायिमने मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. बाप नाही म्हणाला की हे बोलायचं, ओरडला की ते. त्यातलं काहीच लागलं नाही.

"जोरांचं काही नाही," उस्ताद म्हणाले. "ते जमतील तुला, हातात ताकद आहे. पण एक किलोमीटर पळायचं असतं, मुदतीत. भल्याभल्या तिथे गळतात."

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय ना."

"मग उद्या उजाडायच्या आत उठ. आणि केस घट्ट बांध, पळताना झिपऱ्या सावरत बसलेलं मला चालणार नाही."

आत्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

नदीकाठच्या रस्त्यावर पोरांमध्ये नको, असं उस्तादांनी ठरवलं. "ती गाढवं तुझ्याकडे बघत पळतील आणि एकमेकांवर आपटतील." म्हणून ते तिला शहराबाहेर, मेंढ्यांची लोकर कातरायच्या जुन्या शेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेऊ लागले. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना उघडी कुरणं, झाड नाही की खांब नाही. एका टोकाला मोरी होती. तिथून त्यांनी चाक फिरवत नेलं आणि जिथे किलोमीटर भरला तिथे मेंढीच्या डोक्याएवढा दगड ठेवून त्याला पांढरा रंग दिला. दगडापासून पळत सुटायचं, मोरीवर संपवायचं. मोरीवर ते स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे; तिने दगडापाशी टॉर्च चमकवली की कळ दाबायचे.

तो हिवाळा बेगायिमच्या आयुष्यातला सगळ्यात कष्टाचा आणि, तिला तेव्हा वाटत होतं, सगळ्यात सुखाचा. पापण्यांवर बर्फ गोठायचं. घशात सुऱ्या फिरल्यासारखं व्हायचं. पण परत येताना बाप बोलायचा. घरात दिवसाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस त्या रस्त्यावर मोकळा व्हायचा. तिच्या आईला त्यांनी पहिल्यांदा कुठे पाहिलं, ती घोड्यावर बसून कुणाशी भांडत होती, लग्नात तिचा बूट कसा हरवला, हे सगळं बेगायिमने त्या वाटेवर ऐकलं. आईच्या मागे बाप असा पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आला होता.

मुदतीतली वेळ मात्र येत नव्हती. जोर झाले, पोटाचे व्यायाम झाले, ये-जा करायची छोटी धावही बसली. किलोमीटर तेवढा हटून बसला होता. रोज मोरीवर ती पोचायची तेव्हा मुदत संपून बापाचा अंगठा स्टॉपवॉचवर आधीच थांबलेला असायचा. फेब्रुवारीत एका सकाळी ती मोरीच्या कठड्यालाच टेकून बसली आणि हुंदके देऊन रडली.

"नाही होणार माझ्याने. हसतील सगळे. उस्तादाची पोरगी म्हणून जास्तच हसतील."

उस्तादांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. घरी जाताना फक्त म्हणाले, "दोन दिवस विश्रांती घे. गुडघा सुजलाय तुझा."

त्या दोन दिवसांत मरणाचं बर्फ पडलं. तिसऱ्या पहाटे दोघं पुन्हा रस्त्यावर आली. अंधारात दगड उकरून मोकळा केलेला होता. तो बापाने आधीच येऊन केला असणार. ती पळाली, आणि मोरीवर पोचली तेव्हा उस्ताद स्टॉपवॉचकडे बघत उभे होते.

"आली," ते म्हणाले.

"काय आली?"

"वेळ आली. आतच आली. पाय सुटले तुझे."

बेगायिमने त्यांच्या गळ्यात हात टाकले. आईच्या मातीनंतर पहिल्यांदाच. ते ताठ उभे राहिले, मग त्यांनी तिच्या पाठीवर एकदा थोपटलं.

त्यानंतर सगळं सोपं झालं. बर्फ वितळलं, कुरणं हिरवी झाली, आणि दर आठवड्याला तिची वेळ आणखी खाली आली. दुकानात ती पडदे शिवता शिवता गुणगुणायची. आत्या आली की तिला दंडाचा गोळा दाखवायची. आत्या म्हणायची, "पुरे बाई, हा बघून उरलीसुरली स्थळंही पळतील." उस्ताद अलीकडे कमी बोलू लागले होते. बेगायिमला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून.

परीक्षेला पाच जणी होत्या. मैदानावर चुन्याची रेघ आखलेली, अडीच फेऱ्यांचा किलोमीटर. जोरांत बेगायिम सगळ्यांत वर आली, टिपून घेणाऱ्या कॅप्टनने भुवई उंचावून तिच्याकडे पाहिलं. मग शिट्टी झाली. ती पहिल्या फेरीत पुढे गेली आणि दुसऱ्या फेरीतही पुढेच राहिली. तिचं शरीर ते अंतर ओळखत होतं. कुठे श्वास राखायचा, कुठे दात आवळायचे, कुठे असेल नसेल ते सगळं ओतून टाकायचं, हे तिच्या पायांत इतके महिने मुरलं होतं. त्या जागी तिने ओतलं. आता रेघ यायला हवी होती. रेघ आली नाही. समोर मैदानाचं अख्खं वळण शिल्लक होतं.

तिला आधी वाटलं, आपल्याला भोवळ आली. मग पाय लाकडाचे झाले. मागून एक गेली, दुसरी गेली. नाजिरा नावाची काटकुळी मुलगी, जिला पाच जोर काढताना घाम फुटला होता, तीही शेजारून गेली. बेगायिम पोचली तेव्हा मुदत उलटून गेली होती.

"एसेनबेक उस्तादांची मुलगी ना तू?" कॅप्टनने विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, खरंच नवल होतं. "जोर असे, आणि पळताना शेवटी दिवा विझला? शरदात परत ये."

फाटकाबाहेर उस्ताद थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी निकाल विचारला नाही. हे तिला पुढे फार दिवसांनी आठवलं. त्यांनी स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि पियाल्यात चहा ओतून दिला; त्यात दुप्पट साखर होती.

"माणसाच्या शरीराला एक मर्यादा असते, पोरी. त्यात लाज कसली."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या संध्याकाळी उस्तादांनी स्वतः लाघमान केलं. शेवया जाडजूड झाल्या होत्या, पण तिने दोन वाडगे खाल्ले, त्यांना बरं वाटावं म्हणून.

पळणं थांबलं. उन्हाळा आला. बाप पोरांना घेऊन नदीकाठी जायचा, ती दुकानात जायची, आणि घर पूर्वीसारखं चालू लागलं. एका दुपारी नाजिरा दुकानात आली. तिला गणवेश मिळाला होता आणि पँट चांगली वीतभर लांब होती.

"सरकारला वाटतं सगळ्या बायका उंटाच्या उंचीच्या आहेत," ती म्हणाली. बेगायिम गुडघ्यावर बसून टाचण्या लावू लागली तशी नाजिरा खाली बघत म्हणाली, "एक विचारू? राग नाही ना येणार? तू त्या दिवशी असं का केलंस?"

"काय केलं? दम संपला."

"दम संपलेला माणूस वेगळा पळतो. मी बघत होते ना, तुझ्या मागेच होते. तू शेवटचा झपाटा मारलास. चांगला मारलास, मला वाटलं ही गेली आता. पण तो इतक्या लवकर मारलास, की जणू तुझ्यापुरती रेघ तिथेच होती."

बेगायिमच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाप नदीवर गेल्यावर, तिने पडवीतलं मोजचाक काढलं आणि ती शेडच्या रस्त्याला लागली. मोरीपासून तिने चाक फिरवायला सुरुवात केली. उन्हात रस्ता ओळखू येत नव्हता, तिने तो नेहमी पहाटेच्या अंधारात पाहिला होता. पांढरा दगड आला. चाकावरचा आकडा किलोमीटरला बराच कमी होता. आपणच चाक उचललं असेल मध्ये कुठे, असं म्हणून ती परत मोरीला गेली आणि नव्याने मोजत आली. आकडा तोच. मग ती दगडाशी न थांबता चाक तसंच पुढे ढकलत गेली. किलोमीटर भरला तिथे तिने खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला गवतात एक खळगा होता, मेंढीच्या डोक्याएवढा, आणि भोवतीच्या खडीवर पांढऱ्या रंगाचे थेंब वाळलेले होते.

म्हणजे पहिल्यांदा त्यांनी बरोबर मोजलं होतं. एका हाताचाही फरक नव्हता. दगड नंतर हलला होता. आणि कधी हलला हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्या खळग्याशेजारी बसून राहिली. लांबून एक मेंढपाळ घोड्यावरून गेला, त्याने हात केला. तिनेही सवयीने हात केला.

उस्ताद घरी आले तेव्हा चाक अंगणात भिंतीला टेकवलेलं होतं. त्यांनी चाकाला लागलेली माती पाहिली.

"कुठे फिरवलंस?"

"शेडच्या रस्त्यावर."

त्यांनी नळावर हात धुतले. बराच वेळ धुतले. टॉवेलने एकेक बोट पुसलं.

"तू रडत होतीस," ते म्हणाले. "बघवलं नाही मला. म्हटलं, एकदा वेळ येऊ दे, धीर येईल. मग थोडा थोडा मागे सरकवू."

"मग का नाही सरकवला?"

"रोज म्हणायचो, उद्या."

"बाबा, मार्च गेला. एप्रिल गेला."

"तू हसत घरी यायचीस."

"परीक्षेच्या आदल्या दिवशी तरी सांगायचं. मी गेलेच नसते. तुम्ही मला तिथे पाठवलंत. कोट घेऊन फाटकाशी उभे राहिलात. मी पडणार हे माहीत असताना."

उस्ताद अंगणातल्या बाकावर बसले. पोरांना शिव्या देणारा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"आधी खरंच तुझ्यासाठी सरकवला," ते म्हणाले. "मग वाटलं, राहू दे. तू गेलीस तर या घरात मी..."

"हे सांगितलं असतंत ना," बेगायिम म्हणाली, "नुसतं एवढंच, की मला एकटं राहवणार नाही, तर मी थांबलेही असते. आता नाही थांबणार."

ती आत्याकडे गेली. आत्या अंगणात लोकर धोपटत होती. सगळं ऐकून तिने काठी खाली ठेवली, पण नवल काही केलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"तो तुला जाऊ देणार नाही एवढं ठाऊक होतं. इतक्या सहजी हो म्हणाला तेव्हाच कळलं. काय करेल, ते मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं."

बेगायिम उठून आली. तिला सगळ्यात जास्त डाचत होत्या त्या शेडच्या रस्त्यावरच्या सकाळी. परीक्षा पुन्हा देता आली असती. पण आईच्या हरवलेल्या बुटाची गोष्ट दगड हलवायच्या आधीची की नंतरची, हे ती अंथरुणात पडून आठवायचा प्रयत्न करायची. आधीची असेल तर ती तिची होती. नंतरची असेल तर काय म्हणायची, ते तिला कळत नव्हतं. आणि ती गळाभेट तर नक्की नंतरचीच होती. बाप ताठ का उभा राहिला, याचा उलगडा आता झाला होता.

दुसऱ्या आठवड्यापासून ती नदीकाठच्या रस्त्यावर पळू लागली. तिथल्या रेघा खऱ्या आहेत हे तिने आधी स्वतः चाक फिरवून पाहिलं, सगळ्या पोरांदेखत. पोरं हसली.

"ताई, उस्तादांचं माप तपासतेस? मग उद्या सूर्य पूर्वेला उगवतो का तेही बघ."

"तेही बघेन," ती म्हणाली.

उस्ताद शिट्टी तोंडात धरून उभे होते. दगडाचं तिने कुणाला सांगितलं नाही. बापाची अब्रू राखायची म्हणून की सांगताना आपल्यालाच रडू येईल म्हणून, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घरात ती पूर्वीसारखं रांधायची, ताट वाढायची, आणि त्यांच्याशी गरजेपुरतं बोलायची. नदीवर एकदा ती शेजारून जाताना त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "खांदे सैल सोड." तिचे खांदे आपोआप सैल झाले. पुढे सगळा पल्ला ती त्या रागात पळाली.

शरदात परीक्षा झाली. ती पहिली आली नाही, तिसरी आली, पण मुदतीत आली. शेवटच्या वळणावर तिने जोर लावला नाही. पांढरी रेघ डोळ्यांनी दिसली, तेव्हाच लावला.

आत्याने मेंढी कापायचा हट्ट धरला. शेजारपाजार जमला, जेवणाचा दस्तरखान अंथरला गेला. जो तो उस्तादांचा हात हातात घेऊन हलवत होता. "पोरगी कुणाची!" "तयारी कुणाची!" उस्ताद मान डोलवत होते. कलपाक टोपीखाली त्यांचा चेहरा लाल झाला होता. बेगायिम चहा ओतत होती आणि मध्येच त्यांच्याकडे बघत होती. एक वाक्य बोलतील, असं तिला अजून वाटत होतं. नाव घेऊन कबुली नको होती. नुसतं "यात माझं काही नाही" एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले नाहीत. सगळ्यात वयस्कर शेजाऱ्याने दुवा दिला, सगळ्यांनी तोंडावरून तळवे फिरवले, आणि त्यांनीही फिरवले.

"बोल की गं," शेजारीण म्हणाली. "बापाने काय काय शिकवलं सांग."

"किलोमीटरातला बराचसा भाग बाबांनी शिकवला," बेगायिम म्हणाली. "शेवटचा तुकडा तेवढा माझा मी शिकले."

लोक हसले. पोरीची जीभ आईवर गेलीय, असं कुणीतरी म्हणालं. उस्तादांनी हाडावरचं मांस सोडवायचं थांबवलं आणि सुरी दस्तरखानावर ठेवली. सोनुन आत्या उठून आत गेली.

जायच्या दिवशी बसपर्यंत पिशवी उस्तादांनीच नेली. तिने नेऊ दिली. बस सुटायला वेळ होता; दोघं टपावर चढणारं सामान बघत उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला तेव्हा ते घाईघाईने म्हणाले, "तुझं ठाणं फार उंचावर आहे. पहिले काही आठवडे धाप लागेल. पळू नकोस, चालत राहा. पाणी जास्त पी. रात्री डोकं दुखलं तर घाबरू नकोस, ते होतं."

"बरं," ती म्हणाली. त्यांनी हात पुढे केला होता, पण दार बंद झालं.

ठाण्यावर पोचली त्या रात्रीच तिचं डोकं ठणकू लागलं. सकाळी ती दवाखान्याच्या खोलीत गेली. तिथे जाडजूड मिशांचे एक वयस्कर वैद्यकीय सुभेदार होते. तिने त्यांना विचारलं, की इथे आल्या आल्या पळावं की चालावं, पाणी जास्त प्यावं हे खरं का, आणि डोकं दुखणं साधं असतं का.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पळायचं नाही, पाणी प्यायचं, चार दिवसांत उतरेल. कुणी सांगितलं तुला? जाणकार माणूस दिसतो."

"माझ्या वडिलांनी."

"मग मला कशाला विचारायला आलीस?"

बेगायिमने त्यांनी दिलेली गोळी मुठीत घेतली आणि पाण्याचा पेला मागितला.